काइसेकी : दगड, मेळावा आणि पानाची डावी बाजू

प्रश्न : क्योटोच्या सहलीच्या माहितीपत्रकात 'काइसेकी म्हणजे जपानी थाळी' असं दिलंय. ते बरोबर आहे का? शब्दाचा मूळ अर्थ 'छातीशी धरलेला दगड' आहे म्हणतात, ते खरं का?

थाळी नको. थाळी एकदम भरून समोर येते. काइसेकीत एक पदार्थ संपला की पुढचा येतो, आणि तो क्रम हाच तिचा जीव आहे.

दगडाचं अर्धं खरं आहे. मुळात हे दोन शब्द आहेत. उच्चार एकच, लिहायची चिन्हं वेगळी. एकाचा अर्थ 'छातीपाशी, अंगरख्यात ठेवलेला दगड'. झेन भिक्षू भूक मारायला गरम दगड पोटाशी धरत, त्यावरून चहाविधीआधीच्या साध्या जेवणाला हे नाव मिळालं, असं सांगतात. दुसऱ्याचा अर्थ 'मेळाव्याची बैठक' : कविता रचायला जमलेल्या मंडळींचं, पुढे साके (तांदळाची जपानी दारू) पीत चवीनं करायचं, मेजवानीचं जेवण. चहाविधीला घडवणाऱ्या सेन नो रिक्यूच्या (१५२२–१५९१) काळात चहाचं जेवणही मेळाव्याच्याच चिन्हांनी लिहीत. दगड नंतर आला. आज महागड्या उपाहारगृहांत जेवण मेजवानीचं आणि पाटीवर चिन्ह दगडाचं, असंही सर्रास दिसतं. म्हणून चिन्हापेक्षा भाताकडे पाहावं. चहाच्या काइसेकीत भात पहिल्याच तबकात येतो. मेजवानीच्या काइसेकीत तो साके आटोपल्यावर, अगदी शेवटी, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूप आणि लोणच्याबरोबर येतो.

मला खरा जिव्हाळा वाटतो तो आतल्या पदार्थांच्या नावांचा. 'मुकोझुके' म्हणजे 'पलीकडे ठेवलेलं'. चहाच्या तबकात जेवणाऱ्याच्या जवळ डावीकडे भात, उजवीकडे सूप, आणि त्यांच्या पलीकडे ही वाटी, बहुधा कच्च्या माशाची. पदार्थ कोणता हे नाव सांगतच नाही, फक्त जागा सांगतं. आपल्याकडे 'पानाची डावी बाजू' म्हटलं की चटणी-कोशिंबीर-लोणचं कळतं, अगदी तसंच! 'हास्सुन' म्हणजे 'आठ सुन'. एक सुन सुमारे ३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण २४ सेंटिमीटरचं चौकोनी, सुगी या जपानी झाडाच्या लाकडाचं तबक. चहाच्या जेवणात त्यावर एक जिन्नस समुद्रातला आणि एक डोंगरातला, एवढंच असतं. तबकाचं माप पदार्थाचं नाव झालं. आपणही 'चार पानं वाढा' म्हणतो तेव्हा केळीची पानं मोजत नसतो.

तेव्हा मराठीत 'काइसेकी' हाच शब्द ठेवावा. फोड हवीच असेल तर 'क्रमाक्रमाने वाढलेलं जपानी जेवण' म्हणावं. 'कैसेकी'पेक्षा 'काइसेकी' मूळ उच्चाराला जवळचं. लिंग स्त्रीलिंगी, 'बासुंदी'सारखं ईकारान्त म्हणून. पण क्रियापद मात्र जेवणाचं. 'काइसेकी खाल्ली' कानाला खटकतं, 'काइसेकी जेवलो' म्हणावं.