आधी जाहिराती वाच, मग परीक्षा निवड

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

नोकरी गेल्यावर आता कुठल्या परीक्षा द्यायच्या, त्याची तू केलेली यादी वाचली. आयटीतली अकरा सर्टिफिकेशनं! क्लाउड आहे, डेटा आहे, सायबर सिक्युरिटी आहे, स्क्रम (टीमचं काम छोट्या टप्प्यांत करायची पद्धत) आहे आणि शेवटी पीएमपी, म्हणजे प्रकल्प-व्यवस्थापनाची परीक्षासुद्धा आहे. नोकरी गेली की पहिल्या महिन्यात बहुतेकांची यादी अशीच होते. रिकाम्या बसलेल्या माणसाला अभ्यासाचा आधार वाटतो, आणि घरच्यांनाही ‘काहीतरी करतोय’ असं दिसतं. पण या अकरापैकी एकच दे, असं मी सांगणार आहे. कोणती ते पुढे येईलच. आधी काट मारू.

सीआयएसएसपीला (सायबर सिक्युरिटीतली वरच्या पातळीची परीक्षा) आठ विषयांपैकी किमान दोन विषयांत मिळून पाच वर्षांचा पगारी अनुभव लागतो, पदवीमुळे फार तर एक वर्ष सूट मिळते. परीक्षा आधी देता येते, पण मग अनुभव पुरा होईपर्यंत ‘असोसिएट’ म्हणून बसून राहायचं. पीएमपीसाठी चार वर्षांची पदवी असली तरी 36 महिने प्रकल्प हाताळल्याचा अनुभव दाखवावा लागतो, शिवाय 35 तासांचं प्रशिक्षण. तू सपोर्टला बसून तिकिटं (आलेल्या तक्रारी) सोडवलीस, प्रकल्प चालवला नाहीस. आणि पीएमपीवाले काही अर्ज तपासणीला काढतात, तेव्हा ‘लिहून टाकू, कोण बघतंय’ हा विचारही सोड.

तुझ्या यादीत डीपी-203 ही डेटा इंजिनिअरिंगची परीक्षा आहे. मायक्रोसॉफ्टनं ती परीक्षा 31 मार्च 2025 रोजीच बंद केली. म्हणजे यादी कुठल्यातरी जुन्या व्हिडिओवरून उतरवलेली दिसते. सिक्युरिटी प्लस ही सायबर सुरक्षेची पायाभूत परीक्षाही तशीच आलीय. ती परीक्षा वाईट नाही, पण यादीत ती सतत वरच्या नंबरावर का असते, माहितेय? अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कामांसाठी अशा मान्य यादीतलं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तिथं तिला एवढं वजन. हिंजवडीत किंवा खराडीत तो नियम कुणाला लागू नाही. इंटरनेटवरचा निम्मा करिअर-सल्ला अमेरिकेतल्या माणसानं अमेरिकेतल्या माणसाला दिलेला असतो, एवढं लक्षात ठेवून वाचत जा.

आता तुझ्याकडे काय आहे ते बघू. ‘पाच वर्षं फक्त सपोर्टला होतो’ असं तू लिहिलंस. तो ‘फक्त’ खोड. बँकेच्या एल-टू (दुसऱ्या पातळीच्या) सपोर्टला पाच वर्षं काढलेला माणूस रात्री अडीचला अडकलेली बॅच सोडवतो, लॉग चाळून दोष कुठं आहे ते सांगतो, डिस्क भरली तर काय उडवायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे जाणतो. शेल स्क्रिप्ट लिहितो, डेटाबेसवर एसक्यूएल चालवतो, कामं ठरल्या वेळी आपोआप व्हावीत म्हणून क्रॉन लावतो. मी मुलाखती घेणाऱ्या बाजूला बरीच वर्षं बसलेय. क्लाउडची तीन प्रमाणपत्रं लावून आलेल्या मुलाला ‘सर्व्हर स्लो झालाय, पहिली कमांड कुठली देशील?’ असं विचारलं की खोलीत शांतता पसरते. तुला ती अडचण येणार नाही. सर्टिफिकेट असं निवडायचं की ते या पाच वर्षांना खेटून उभं राहील. नव्या दिशेला उडी मारायची वेळ ही नव्हे. डेटा सायन्सला गेलास तर तू तिथं फ्रेशर, आणि आत्ता फ्रेशरची रांग फार लांब आहे.

निवड माझ्या सांगण्यावरून करू नकोस, तुझ्यासमोरच्या जाहिरातींवरून कर. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर जाऊन पुण्यातल्या, तुझ्या अनुभवाच्या तीसेक जाहिराती काढ. प्रोडक्शन सपोर्ट, लिनक्स अ‍ॅडमिन, एसआरई (सिस्टिम सतत चालू ठेवणारा इंजिनिअर), क्लाउड ऑपरेशन्स, हे शब्द टाकून बघ. एक्सेलमध्ये दोन रकाने कर: ‘पाहिजेच’ आणि ‘असल्यास उत्तम’. सर्टिफिकेट बहुतेक वेळा दुसऱ्या रकान्यात पडेल. ते बघून खट्टू होऊ नकोस, उलट बरंच आहे: पहिल्या रकान्यातल्या बऱ्याच गोष्टी तुझ्याकडे आधीच आहेत.

आणि कंपनी कुठल्या प्रकारची आहे तेही शेजारी लिहून ठेव. एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड), मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट, सिस्को यांच्या भागीदार कंपन्यांना वरचा दर्जा मिळवायचा आणि टिकवायचा तर प्रमाणित माणसं दाखवावी लागतात. अशा सेवा कंपनीत तुझं प्रमाणपत्र त्यांच्या हिशेबात थेट धरलं जातं. स्वतःचं प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपनीला त्याचं फारसं पडलेलं नसतं, ते तुला समोर बसवून काम करायला लावतात. एकाच कागदाची किंमत दोन दारांवर अशी वेगळी होते.

माझा कल रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीच्या आरएचसीएसएकडे, म्हणजे लिनक्स अ‍ॅडमिनच्या परीक्षेकडे आहे, आणि तो का, ते जरा सविस्तर सांगते. या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात. तीन तास, समोर चालती मशीन आणि कामांची यादी: डिस्कचं पार्टिशन कर, लॉजिकल व्हॉल्यूम वाढव, युजर आणि परवानग्या लाव, एसई-लिनक्स (लिनक्सची सुरक्षा-चौकट) बंद न करता वेब सर्व्हर वेगळ्या पोर्टवर चालव. 300 पैकी 210 गुण लागतात. इंटरनेट नाही, मशीनमधली मॅन पेजेस (कमांडची माहिती देणारी पानं) तेवढी सोबतीला. आणि खरी गोम अशी की तपासणी मशीन रीबूट झाल्यावर होते. सर्व्हिस चालू केलीस पण ‘एनेबल’ करायला, म्हणजे रीबूटनंतर आपोआप सुरू होईल असं करायला विसरलास तर ते काम झालंच नाही असं धरतात. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या, त्याची फाइल) एक ओळ चुकली तर मशीन नीट उठतच नाही, मग त्यावर केलेलं बाकीचं सगळंही पाण्यात. म्हणून सरावात सवय लावून घे: एफएसटॅबला हात लावला की आधी डिस्क माउंट करून (जोडून) बघायचं, मग रीबूट, मगच पुढचं काम. ही सवय तुला पुढं नोकरीतही लागणार आहे.

पर्यायवाल्या परीक्षांचे फुटलेले प्रश्न बाजारात मिळतात, हे मुलाखत घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून तसल्या प्रमाणपत्राकडे तो जरा तिरकंच बघतो. हातानं काम करून दिलेल्या परीक्षेबद्दल ती शंका कमी असते. (ते ‘डंप’ तू विकत घेऊ नकोस. पकडला गेलास तर प्रमाणपत्र रद्द होतं.) सरावाला खर्च नाही: रेड हॅट व्यक्तिगत वापरासाठी डेव्हलपर सबस्क्रिप्शन फुकट देतं, त्यात 16 मशीनपर्यंत चालतं. तुझ्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन पुरे.

मग क्लाउडचं काय? क्लाउड शीक, परीक्षा आत्ता देऊ नकोस. एडब्ल्यूएसच्या सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएटची फी 150 डॉलर आहे, कर धरून पंधरा हजारांच्या वर जाते. नोकरी लागली की ती फी कंपनीकडून घे, बऱ्याच कंपन्या देतात. आत्ता स्वतःच्या खात्यावर एक छोटं काम उभं कर: प्रायव्हेट सबनेटमध्ये (बाहेरून थेट पोचता न येणाऱ्या नेटवर्कमध्ये) एक सर्व्हर, लॉग गोळा होतायत, डिस्क 80 टक्के भरली की तुला मेल येतो. पण खातं उघडल्याबरोबर सगळ्यात आधी बजेटचा इशारा लाव. अशा आतल्या सर्व्हरला इंटरनेटपर्यंत नेणारी नॅट गेटवे नावाची एक वस्तू आहे, ती नुसती पडून असली तरी तासाच्या हिशेबानं पैसे खाते. काम झालं की काढून टाक. मुलाखतीत ‘हे बिल कसं कमी करशील?’ विचारलं तर तुझ्याकडे पाठ केलेलं नाही, स्वतःचं उत्तर असेल. तीस जाहिरातींत मायक्रोसॉफ्टचं क्लाउड अझूरच जास्त निघालं तर हेच काम अझूरवर कर. त्यांची एझेड-104 (अझूर अ‍ॅडमिनची परीक्षा) वर्षभरच टिकते, पण नूतनीकरण घरबसल्या आणि फुकट होतं, तेव्हा तीही नंतर घेता येईल.

क्लासचं विचारलं होतंस. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असा बोर्ड लावलेल्या ठिकाणी लाखभर रुपये हप्त्यावर भरायचे नाहीत. घराचा हप्ता पुरेसा आहे तुला. त्यातले काही जण अनुभवाची खोटी पत्रंही देतात. तुझा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) टाकून खातं उघडलं की कुठं, किती महिने होतास ते दिसतं, आणि पडताळणी करणारे तेच बघतात.

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, ती तू यादीत लिहिलीच नाहीस. आपल्याकडे नोटीस पिरियड तीन-तीन महिन्यांचे. मॅनेजरला माणूस आत्ता हवा असतो आणि निवडलेला उमेदवार नव्वद दिवसांनी येणार म्हणतो, आणि त्यातही दुसरी ऑफर आली की येतच नाही. तू उद्या सकाळी रुजू होऊ शकतोस. प्रोफाइलच्या पहिल्या ओळीत ‘इमिजिएट जॉइनर’ लिही. नोकरी कशी गेली विचारलं तर ‘प्रोजेक्ट बंद झाला, टीम कमी केली’ एवढं सरळ सांगायचं, कंपनीचं गाऱ्हाणं नाही. आणि अर्ज आजपासून सुरू कर, परीक्षा होईपर्यंत थांबू नकोस. सकाळ अभ्यासाला, दुपार अर्जांना आणि जुन्या सहकाऱ्यांना फोन करायला. जुन्या टीममधले जे दुसरीकडे गेलेत त्यांना संकोच न करता विचार. रेफरलनं आलेला रेझ्युमे निदान उघडला तरी जातो.

राहता राहिली एक बारीकशी बाब. परीक्षेचं खातं उघडताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाक. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, पासपोर्टवर भलताच क्रम, आणि आधारवर कुणीतरी स्पेलिंग बदललेलं असतं. जो कागद घेऊन परीक्षेला बसणार आहेस त्याच्याशी जुळवून घे, नाहीतर दारातच अडवतात.

जाहिरातींचा तक्ता शनिवारपर्यंत पाठव. रविवारी सकाळी घरी ये, पोहे करते, तोवर तुझा रेझ्युमे लाल पेननं वाचून ठेवते.

तुझी,
ताई