भाड्याच्या घरात स्पीकरच्या वायरी लपवताना

भिंत न फोडताही वायरी छान लपतात, काळजी करू नका. आधी मोजमाप घ्या. अंतर सरळ रेषेत न धरता स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीच्या) कडेने, दाराच्या चौकटीवरून मोजा आणि प्रत्येक स्पीकरमागे एक मीटर जास्त धरा. वायर तोकडी पडली की जोड द्यावा लागतो आणि पुढे खरखर तिथूनच सुरू होते. घरगुती अंतराला १६ गेजची (गेज म्हणजे जाडीचे माप) तांब्याची वायर पुरते.

- स्कर्टिंगच्या वर चिकटणारी पीव्हीसी केसिंग पट्टी, म्हणजे आत वायर ठेवून वर झाकण बसवायची पोकळ पट्टी, लावा. भिंत आधी पुसून कोरडी करा. धुळीवर पट्टी टिकत नाही. रंग ताजा असेल तर काही आठवडे थांबा.
- घर सोडताना पट्टी ओढू नका, रंगाचे पापुद्रे निघतात. हेअर ड्रायरने गोंद मऊ करून हळूहळू सोडवा.
- विजेची वायर त्याच पट्टीत नको.
- गालिच्याखालून न्यायची तर चपटी वायर, तीही पायवाटेत नको.

झाकण बसवण्याआधी प्लस-मायनस तपासून प्रत्येक स्पीकर वाजवून बघा. एकाचे टोक उलटे लागले तर बास (खालचा, घुमणारा आवाज) पातळ होतो आणि नवखे लोक उगीच स्पीकरला दोष देतात.