सभागृह देवस्थानाचं, टेबल महापालिकेचं

प्रश्न : आमच्या देवस्थान ट्रस्टचं सभागृह दुपारी रिकामं असतं. शेजारच्या वस्तीतल्या कुटुंबांसाठी तिथे महापालिकेबरोबर मदत केंद्र सुरू करायचं आहे. सुरुवात कुठून करावी?
– एक विश्वस्त, सहकारनगर, पुणे

उत्तर : आधी ट्रस्टची घटना आणि परिशिष्ट १ चा उतारा (धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीतली ट्रस्टची नोंद) काढून उद्दिष्टं वाचा. तिथे फक्त पूजाअर्चा आणि उत्सव लिहिलेले असतील, तर शिक्षण किंवा औषधोपचारावरच्या खर्चाला हिशेबतपासणीत आक्षेप निघू शकतो आणि त्याचं उत्तर विश्वस्तांनाच द्यावं लागतं. उद्दिष्टांत बदल मंजूर होईपर्यंत ट्रस्टचा पैसा या कामात घालू नका.

मग विश्वस्त मंडळाचा ठराव करा. ठरावाची प्रत जोडून तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या महापालिका सहायक आयुक्तांना पत्र द्या, एक प्रत समाजविकास विभागाला. ‘सहकार्य मिळावे’ एवढंच लिहिलेलं पत्र फायलीत पडून राहतं. ‘दर बुधवारी २ ते ५, दोन टेबलं, आठ खुर्च्या, पंखा, पाणी, स्वच्छतागृह आणि दोन स्वयंसेवक आमचे. समूह संघटिका (वस्त्यांत काम करणारी महापालिकेची कर्मचारी) तुमच्याकडून हवी,’ इतकं नेमकं लिहा. घाईने भाडेपट्टा करू नका. इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आठवड्यातून एका दुपारच्या लेखी वापरपरवानगीने काम सुरू होतं आणि नाही जमलं तर थांबवताही येतं.

खरी अडचण पुढे आहे. लोकांना वाटतं, सगळ्या योजना महापालिकेच्याच. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचं अर्थसहाय्य आणि औषधोपचारासाठीची शहरी गरीब योजना महापालिकेच्या आहेत, हे खरं. पण संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयाकडे जातो, पालकांचा आधार नसलेल्या मुलांसाठीच्या बालसंगोपन योजनेचा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे, रेशनकार्डाचा परिमंडळ कार्यालयाकडे. अंगणवाडीही राज्य सरकार राबवत असलेल्या केंद्राच्या एकात्मिक बालविकास योजनेतली. रोजंदारीवरच्या बाईची एक चुकीची खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. त्यामुळे कुठला अर्ज कुठे, कोणत्या कागदांसह, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावणं हे तुमच्या केंद्राचं सर्वांत मोलाचं काम ठरेल. देणगीपेक्षाही.

पैसे अडकण्याची दोन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. एक, आधार, बँक पासबुक आणि शाळेचा दाखला यांवरच्या नावांत फरक. दुसरं, खात्याला आधार क्रमांक दिलेला असतो, पण थेट लाभ हस्तांतरणासाठी (डीबीटी, म्हणजे सरकारी मदत थेट खात्यात) तेच खातं जोडलेलं नसतं. अशी जोडणी एका वेळी एकाच खात्याला असते, म्हणून पैसे भलत्याच, विसरलेल्या खात्यात जाऊन बसतात. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे’ असं विचारायला शिकवा. अर्ज भरण्याआधीच.

आणखी एक, आणि यात हयगय नको. कोणाच्याही आधारकार्डाचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. घरच्या मारहाणीबद्दल बोलायला आलेल्या बाईला भर सभागृहात बोलावं लागू नये. दार बंद होणारी एक खोली राखून ठेवा आणि महिलांसाठीचा १८१, मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक स्वयंसेवकांना पाठ असू द्या.

प्रश्न : आमची जमात (मशिदीशी जोडलेला समाज) जकातीतून, म्हणजे मुस्लिमांच्या धार्मिक दानातून, गरीब मुलांच्या फी भरते. महापालिकेसोबत काम केलं तर हा निधी सर्वांना खुला करावा लागेल का?
– एक वाचक, कोंढवा

उत्तर : नाही. जमातीचा निधी तुमच्या नियमानेच खर्च होईल. मात्र महापालिकेचा कर्मचारी ज्या टेबलावर बसतो, ते टेबल प्रत्येकाला खुलं हवं, आणि त्यासाठी नमाज, प्रवचन किंवा सदस्यत्वाची अट असता कामा नये. करातून आलेला पैसा एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी राखता येत नाही, हे संविधानाच्या कलम २७ मागचं तत्त्व आहे. दोन रजिस्टरं, दोन पावतीपुस्तकं ठेवा. संशयाला जागाच राहत नाही.

प्रश्न : चर्चच्या वतीने आम्ही रुग्णांच्या नातेवाइकांना मदत करतो. धर्मादाय रुग्णालयात सवलत मागितली की ‘खाट नाही’ असं सांगतात. काय करावं?
– एक स्वयंसेविका, वडगाव शेरी

उत्तर : धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखायच्या असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न निर्धनांसाठी १,८०,००० रुपयांपर्यंत, दुर्बलांसाठी ३,६०,००० रुपयांपर्यंत. बिलिंगच्या खिडकीवर वाद घालत बसू नका. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे जा, राखीव खाटांची त्या दिवसाची स्थिती विचारा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. तरीही दाद मिळाली नाही तर तीच पोच जोडून धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात तक्रार करा.

अर्ज बारगळतो तो बहुधा उशिरामुळे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला डिस्चार्जच्या दिवशी शोधायला निघालं तर तो वेळेत हाती येत नाही. वस्तीत आजारी माणूस किंवा गरोदर बाई असलेल्या घरांचे दाखले आणि रेशनकार्डाच्या प्रती आताच तयार करून घ्या.