ग्रीन कार्ड यायचंय आणि वर्दी खुणावतेय

"मॅडम, माझं आय-485 अडकलंय. तोवर आर्मीत गेलो तर?"

मी पुण्यातून ऑनलाइन समुपदेशन करते, आणि हा प्रश्न आता इतक्यांदा ऐकलाय की पहिल्या दोन वाक्यांतच पुढचं सगळं कळतं. विचारणारे बहुतेक तिशीच्या अलीकडे-पलीकडे असतात. अमेरिकेत एमएस करायला गेलेले, नोकरी गेलेली किंवा डळमळीत झालेली, तिथल्या नागरिक मुलीशी लग्न झालेलं. आय-485 म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज; तो भरून महिने उलटलेले असतात आणि उत्तराचा पत्ता नसतो. पुण्यात संध्याकाळ झालेली असते, तिकडे न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये सकाळची कॉफी हातात असते, आणि पडद्यावरचा चेहरा मात्र रात्रभर जागलेला दिसतो. पुढे जी गोष्ट सांगतेय ती तिघाचौघांच्या बोलण्यातून एक केली आहे, आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

आधी सरळ उत्तर देते, कारण त्याशिवाय मन पुढचं काही ऐकत नाही. कार्ड हातात येईपर्यंत भरती होता येत नाही. अमेरिकी सैन्याला नागरिक लागतो किंवा ग्रीन कार्डधारक. (मायक्रोनेशिया, मार्शल बेटं आणि पलाऊच्या लोकांना अपवाद आहे, तो आपल्या कामाचा नाही.) आय-130 (नागरिक जोडीदाराने भरायचा अर्ज) आणि आय-485 भरल्याची पावती, त्यावर मिळालेलं वर्क परमिट, सोशल सिक्युरिटी नंबर यांतलं काहीही पुरत नाही. पूर्वी 'मावनी' नावाची योजना होती. 2009 पासून तिच्यातून व्हिसावरच्या डॉक्टर-नर्सेसना आणि सैन्याला हव्या असलेल्या भाषा येणाऱ्यांना घेत. 2016 पासून तिच्यात नवे अर्ज घेणं बंद आहे, पण जुने व्हिडिओ अजून फिरतात आणि मुलं त्यांच्यावर मनोरे बांधतात.

आणखी एक गोष्ट फार कळकळीने सांगते. भरतीची चौकशी करताना कुठल्याही फॉर्मवर 'मी अमेरिकन नागरिक आहे' या चौकटीत खूण करू नका. घाईने नाही, 'नंतर दुरुस्त करू' म्हणूनही नाही. नागरिकत्वाचा खोटा दावा ही इमिग्रेशनच्या कायद्यात जवळजवळ माफी नसलेली चूक आहे. त्या एका खुणेवर लग्नाच्या आधारावरचा अख्खा अर्ज बुडू शकतो.

तर हा मुलगा. सातारा जिल्ह्यातला, वय 31. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. बारावीनंतर आणि पुढे पदवीनंतरही याने एसएसबी, म्हणजे भारतीय सैन्यातल्या अधिकाऱ्यांची निवड चाचणी, दिली, दोन्ही वेळा परत आला. मग इंजिनियरिंगच्या जोरावर अमेरिकेत. लग्नाला सव्वा वर्ष झालेलं. बायको तिथेच जन्मलेली, मराठी समजणारी, थोडं अडखळत बोलणारी.

"वय निघून चाललंय," तो म्हणाला. "आत्ता नाही तर कधीच नाही."

वयाची अट दलागणिक वेगळी आहे. मरीन कोअर 28 ला थांबतं, नौदल आणि हवाई दल चाळिशी ओलांडलेल्यालाही घेतं. त्याच्याकडे वेळ होता आणि त्याला हे पाठ होतं. मग घाई कसली? दोन-तीन भेटी मी फक्त त्याची वाक्यं लिहून घेत होते. 'मला आत्ताच जायला हवं.' 'सैन्यात गेलो तरच माझं काहीतरी होईल.' 'कागद माझ्याच जिवावर मिळायला पाहिजेत.'

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते, म्हणजे माणसाच्या मनातला हट्टी विचार शोधून त्याला तो तपासायला लावते, आणि मराठीत काम करणाऱ्याला एक देणगी आयती मिळालेली आहे. माणसाची हट्टाची मागणी बहुतेक वेळा एका अक्षरात सापडते, ते अक्षर म्हणजे 'च'. मी ती तीन वाक्यं त्याला पडद्यावर दाखवली आणि प्रत्येकातला 'च' खोडून मोठ्याने वाचायला सांगितलं.

"मला आत्ता जायला हवं." थांबला. "सैन्यात गेलो तर माझं काहीतरी होईल." हे जरा सोपं गेलं. तिसऱ्या वाक्याला मात्र तो अडला. "कागद माझ्या जिवावर..." पुढे गेलाच नाही.

मी विचारलं, "समजा उद्या कार्ड टपालपेटीत आलं. कुणाची सही लागली नाही, मुलाखत नाही. परवा रिक्रूटरकडे जाल?"

बराच वेळ तो खिडकीकडे बघत होता. "परवा नाही. परवा झोपेन." मग थोड्या वेळाने, "जाईन, मॅडम. पण पळत जाणार नाही."

इथे गाठ सुटायला लागली. वर्दीची ओढ खरी होती, लहानपणापासूनची. घाई मात्र दुसरीकडून येत होती. अर्ज बायकोचा, उत्पन्न बायकोचं, घरभाड्याचा करार तिच्या नावावर. सासरी जेवायला गेलं की कुणीतरी सहज विचारायचं, "कार्डाचं काय झालं?" आणि याच्या घशात घास अडकायचा. त्याने कुठेतरी वाचलं होतं की सैनिकाला नागरिकत्व लवकर मिळतं. तिथून मनाने हिशोब मांडला: वर्दी घातली की तिच्या सहीची गरज उरणार नाही. हा हिशोब त्याने तिला सांगितला नव्हता. रिक्रूटरचा मेसेज तिने फोनवर वाचला, तेव्हा तिला ते कळलं.

पुढच्या भेटीला दोघं शेजारी बसली. ती म्हणाली, "मला वाटलं तू माझ्यापासून पळतोयस."

"तुझ्यापासून नाही गं. तुझ्या सहीपासून."

ती उठली आणि एक निळी फाइल घेऊन आली. त्यातून तिने आय-864 काढला. बायकोने किंवा नवऱ्याने जोडीदाराची आर्थिक जबाबदारी घेतल्याचा हा करार असतो. तो याने आजवर 'तिच्या पगाराचा कागद' एवढाच समजला होता. ती तिच्या पद्धतीने, अर्धं इंग्रजीत अर्धं मराठीत समजावू लागली. ही जबाबदारी घटस्फोटानेही संपत नाही. जोडीदार नागरिक झाला, किंवा त्याच्या खात्यात 40 तिमाह्यांचं काम जमा झालं, म्हणजे साधारण 10 वर्षं, किंवा तो कार्ड सोडून देश कायमचा सोडून गेला, नाहीतर दोघांतलं कुणी गेलं, तरच ती सुटते.

"मी हे किचनमध्ये बसून पूर्ण वाचलं होतं," ती म्हणाली. "मग सही केली. तुला वाटतं फक्त तू बांधलायस?"

त्याने तो कागद हातात घेतला. शेवटच्या पानावरच्या तिच्या सहीवर अंगठा ठेवून बसला. एवढे दिवस तो स्वतःला देणेकरी समजत होता. समोरच्या माणसाने डोळे उघडे ठेवून त्याच्यासाठी काय पत्करलंय, हे त्याने पाहिलंच नव्हतं. उपकाराखाली दबलेल्या माणसाला समोरच्याची निवड दिसत नाही. मी त्या दिवशी फार कमी बोलले, आणि ते बरोबर होतं असं आजही वाटतं.

इथे एक फरक नोंदवते. सहीचं ओझं वाटणं वेगळं आणि सहीची धमकी मिळणं वेगळं. 'ऐकलं नाहीस तर अर्ज मागे घेईन' असं घरात कुणी म्हणत असेल, मारहाण किंवा छळ असेल, तर अशा जोडीदारासाठी, स्त्री असो वा पुरुष, कायद्यात आय-360 या अर्जाचा स्वतंत्र मार्ग आहे. त्यात जोडीदाराची सही लागत नाही. अशा वेळी आधी वकील गाठा, सैन्याचं नंतर बघू.

आता ज्यांची ओढ 'च' खोडल्यावरही टिकते, त्यांच्यासाठी.

कार्ड येईपर्यंतचा काळ वाया जात नाही. भारतातल्या पदवीचं मूल्यांकन करून घ्या, त्याला वेळ लागतो. अ‍ॅसव्हॅबची, म्हणजे सैन्यभरतीच्या लेखी परीक्षेची, तयारी करा. आर्मीला किमान 31 चालतात, पण चांगलं काम हवं तर गुण जास्त हवेत. राहण्याचा पत्ता बदलला तर इमिग्रेशनला 10 दिवसांत कळवा. मुलाखतीचं किंवा बोटांच्या ठशांचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि तुम्ही हजर राहिला नाहीत, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. अ‍ॅडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, हातात नसताना भारतात येऊ नका, आईचं ऑपरेशन असलं तरी आधी वकिलाला फोन करा.

कार्ड मिळेल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड सशर्त असतं, दोनच वर्षांचं. त्यावर भरती होता येतं. पण मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत दोघांच्या सहीने आय-751, म्हणजे कार्डावरची अट काढण्याचा अर्ज, भरावा लागतो. लवकर भरला तर परत येतो, विसरला तर दर्जाच जातो. मुलं फसतात ती इथे. आर्मीचं प्राथमिक प्रशिक्षण 10 आठवड्यांचं असतं, फोन क्वचित मिळतो, त्यानंतर कामाचं प्रशिक्षण, मग कुठली तरी दूरची नेमणूक. तारीख लक्षात ठेवायला घरी कुणीतरी लागतं. बदलीमुळे वेगळं राहावं लागलं म्हणून लग्न खोटं ठरत नाही. बदलीचा आदेश जोडा, डीअर्समध्ये (सैन्याच्या कुटुंबनोंदणीत) बायकोची नोंद, तिचं ट्रायकेअर (सैनिकी कुटुंबांचा आरोग्यविमा), विम्यावर वारस म्हणून तिचं नाव, एकत्र खातं, एकत्र भरलेला टॅक्स. हे सगळं आपोआप साचत नाही, पहिल्या आठवड्यापासून जपून ठेवावं लागतं.

नागरिकत्वाचं ऐकलेलं खरं आहे. 11 सप्टेंबर 2001 पासूनचा काळ युद्धकाळ म्हणून घोषित आहे, त्यामुळे सन्मानाने सेवा करणाऱ्याला पाच किंवा तीन वर्षं थांबावं लागत नाही. एन-400 या नागरिकत्वाच्या अर्जाला फी नाही, सोबत सेवेचा दाखला देणारा एन-426 लागतो. मात्र पाच वर्षांची सन्मान्य सेवा होण्याआधी बेअब्रूने बाहेर पडावं लागलं, तर असं मिळालेलं नागरिकत्व काढून घेता येतं. आणि करार साधारण आठ वर्षांचा असतो, प्रत्यक्ष सेवा अधिक राखीव दल मिळून. नागरिक होईपर्यंत अधिकारी होता येत नाही, गोपनीय माहितीची परवानगीही मिळत नाही. त्यामुळे कॉम्प्युटरमध्ये एमएस असलेल्याला सायबरचं काम मिळेलच असं गृहीत धरू नये. गोदाम किंवा गाड्यांची दुरुस्ती चालणार असेल, तरच सही करा. हे मी प्रत्येकाला विचारते, आणि दोघांनी तरी तिथूनच माघार घेतली आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. अमेरिकन नागरिक झालात की भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. त्यानंतर सगळे ओसीआयच्या, म्हणजे भारतात व्हिसाशिवाय येऊ देणाऱ्या कार्डाच्या, भरवशावर असतात. परदेशी सैन्यात असलेल्याला किंवा तिथून निवृत्त झालेल्याला ओसीआय मिळत नाही. आईला भेटायला यायचं तर प्रत्येक वेळी व्हिसा. साताऱ्याच्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा आजोबांबद्दल बोलला, त्यांच्या खुंटीवरच्या टोपीबद्दल. ही किंमत त्याने तीन आठवडे मनात फिरवली, आईशीही बोलला.

कार्ड ऑक्टोबरात आलं, सशर्त. जायचं ठरलं, पण वसंतात, म्हणजे प्रशिक्षण संपून नेमणूक मिळेपर्यंत आय-751 ला वर्षाहून जास्त अवकाश राहील. शेवटच्या भेटीत बायकोने लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराची आतली बाजू दाखवली. मसाल्याच्या डब्याच्या वर एक कागद चिकटवलेला. वर लाल पेनने 'कार्ड संपतं: 10 ऑक्टोबर', त्याखाली 'फॉर्म 12 जुलैपासून, दोघांची सही'. आणि त्याच्या खाली त्याच्या हातचे आकडे होते, दोन मैल पळायला रोज किती मिनिटं लागली त्याचे. शेवटचा आकडा त्याच सकाळचा होता.