सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, येणाऱ्या पर्यटकांसाठी छोटा निवारा बांधायचा आहे. निसर्गाला कमीत कमी धक्का लागावा म्हणून बांबू वापरावा की जांभा दगड?

रत्नागिरीजवळच्या तुमच्या सड्यावर कातळशिल्पं आणि पावसाळी फुलं बघायला लोक येतात, त्यांना टेकायला दहाबारा माणसांपुरता आडोसा हवाय आणि ग्रामसभेत बांबू की जांभा यावरून दोन तट पडलेत, असं तुम्ही लिहिलंय. मी आर्किटेक्ट आहे, कोकणातच कामं करतो. मला विचाराल तर हा वाद नंतरचा आहे. सड्याचं नुकसान छपरापेक्षा पावलांनी जास्त होतं, आणि निवारा उभा राहिला की सगळी पावलं तिकडेच वळणार. त्यामुळे आधी जागा, मग वाट, आणि सामान सगळ्यात शेवटी.

सडा उन्हाळ्यात ओसाड दिसतो म्हणून तिथं काहीही केलं तरी चालतं असं वाटतं. प्रत्यक्षात कातळावरच्या बोटभर मातीत बिया आणि कंद पावसाची वाट बघत पडलेले असतात. जूनमध्ये दिपकाडी वर येते, मग गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू. ही माती एकदा खरवडली किंवा गाडीच्या चाकाखाली दाबली गेली की पुन्हा साचायला पिढ्या जातात. सुटे दगडही उचलू नका. त्यांच्याखाली विंचू, पाली असतात आणि फुरसंही असतं, म्हणजे हा सल्ला नुसता निसर्गासाठी नाही.

मग बांधायचं कुठं? तुमच्या सड्यावर बंद पडलेली चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे कापून काढलेली खाण, असेल तर ती बघा. तिथली माती केव्हाच गेलेली असते, खाणीपर्यंत गाडीवाट झालेली असते आणि कापलेल्या भिंतींमुळे वारा अडतो. खोल खाणीत पावसाळ्यात तळं होतं, ती नको. रस्त्याकडचा उथळ टप्पा, जिथं पाणी थांबत नाही, तो निवडा. चिरेखाण नसेल तर आहे त्याच गाडीवाटेच्या टोकाला बांधा. कातळशिल्पाच्या शेजारी किंवा कड्यावर बांधायचा मोह होईल, फोटोही छान येतील, पण तिथं नकोच. माणूस निवाऱ्यातून उठून शिल्पापर्यंत चालत गेला तर काही बिघडत नाही. तेवढी एक वाट मात्र दगडांच्या ओळीनं ठळक आखा, नाहीतर प्रत्येक जण आपली वेगळी वाट पाडतो. या ओळीसाठीही दगड खाणीतलेच घ्या.

आता वारा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत घरांचे पत्रे कसे उडाले ते आपण पाहिलंय. इमारतींवर वाऱ्याचा भार किती धरायचा ते सांगणाऱ्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात, आपल्याच किनाऱ्यावरच्या मुंबईसाठी वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. त्या वेगाला दर चौरस मीटरवर शंभर किलोपेक्षा जास्त दाब येतो, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम पाच किलो. कड्याच्या माथ्यावर हाच वेग आणखी ३६ टक्क्यांपर्यंत वाढवून धरावा लागतो. थोडक्यात, छप्पर पडेल याची चिंता कमी करा आणि ते उडेल याची जास्त करा.

समुद्र दिसावा म्हणून निवारा पश्चिमेला उघडा ठेवायची आपल्याकडे फार हौस आहे. नैऋत्येचा वारा त्या तोंडातून आत घुसतो आणि छप्पर खालून उचलतो. पाठ नैऋत्येला, तोंड ईशान्येला ठेवा. झडही आत येणार नाही. समुद्र बाहेर उभं राहून बघता येतो.

छप्पर चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतार असलेलं करा. वाऱ्याला ते जास्त टिकतं, आणि पागोळ्यांसाठीही बरं. तीन बाय पाच मीटरचा निवारा धरला तर वळचणीसकट छप्पर चार बाय सहाचं होतं. आपल्याकडे जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस काही नवल नाही. त्या दिवशी या छपरावरून २,४०० लिटर पाणी उतरतं. एकपाखी छप्पर असेल तर ते सगळं एकाच रेषेत पडतं आणि खाली चर खणत जातं. चारही बाजूंना वाटलं गेलं, आणि पागोळ्यांखाली खाणीतल्या चिऱ्याच्या तुकड्यांचा हातभर रुंद पट्टा घातला, की पाणी शांतपणे पसरतं.

पाया खणायचा नाही. जांभ्याचा वरचा थर कडक असला तरी खाली तो मऊ निघतो, मधेच पोकळीही लागते, म्हणून कातळात ठोकलेल्या नुसत्या खिळ्यांवर विसंबू नये. मी तारेच्या जाळीचे चौथरे सुचवीन. घनमीटरभर जाळीत खाणीतला टाकाऊ दगड भरला की सव्वा ते दीड टन वजन होतं. सहा खांबांखाली सहा चौथरे ठेवले तर छपराला धरून ठेवायला ते साधारण पुरेल, पण आकडेमोड स्थानिक अभियंत्याकडून तपासून घ्या. उद्या निवारा नकोसा झाला तर जाळ्या उघडून सगळं उचलता येतं. काँक्रीट मागे राहत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. जांभ्याच्या भिंती म्हणजे चिऱ्यांच्या ट्रॉल्या आणि जोतं, म्हणून भिंत नको. खांब गॅल्व्हनाइज्ड पाइपचे, बोल्टनं जोडलेले. पाठीला बाहेरून पत्रा, त्याच्या आत कूड, म्हणजे विणलेला आडोसा, आणि छताखालचं काम बांबूचं. कीड लागू नये म्हणून बांबू बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवून घ्या आणि पाऊस लागणार नाही अशाच जागी वापरा, कारण भिजत राहिला तर हे द्रव्य धुऊन जातं. वर मातकट रंगाचा पत्रा. कौलं मलाही आवडतात, पण वानरं ती ठेवत नाहीत. कुठलाही भाग दोन माणसांना उचलता येईल एवढाच हवा, म्हणजे डंपर सड्यावर चढवावा लागणार नाही.

संडास सड्यावर नको. जांभा सच्छिद्र असतो, शोषखड्ड्यातलं पाणी पायथ्याच्या विहिरीत आणि झऱ्यात उतरतं. तो गावात, पार्किंगजवळ करा.

परवानगीचं आधी बघा. सड्याचे सातबारे बहुधा सामाईक असतात, संमती गोळा करायलाच वेळ जातो. वनाची नोंद असेल तर वन विभागाकडे जावं लागेल. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली, नऊपैकी सात ठिकाणं तुमच्याच जिल्ह्यातली आहेत. तुमचं ठिकाण त्यात असो वा नसो, पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय दगडही हलवू नका. आणि दरवर्षी मे महिन्यात बोल्ट कोण आवळणार, त्याचे पैसे कुठल्या खात्यातून जाणार, हे ठरावातच लिहून घ्या.