फ्रोडोचा पराभव आणि ख्रिस्ती क्षमा

प्रश्न : टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी नुकतीच वाचली. ती ख्रिस्ती कादंबरी आहे, असे वरचेवर सांगितले जाते. मला मात्र तीत ना चर्च दिसले, ना पाद्री, ना येशूसारखे पात्र. हा अर्थ समीक्षकांनी ओढूनताणून लावला आहे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे आणि त्याचे कारण खुद्द लेखकानेच देऊन ठेवले आहे. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातल्या रॉबर्ट मरे या मित्राला १९५३ साली लिहिलेल्या पत्रात टोल्किन म्हणतात, की ही कृती मुळातच धार्मिक आणि कॅथलिक आहे, आधी नकळत आणि पुनर्लेखनात जाणीवपूर्वक; म्हणूनच त्यांनी पंथ, विधी असे उघड उल्लेख जवळजवळ सगळे गाळले, कारण धर्माचा अंश कथेत आणि प्रतीकांतच मुरलेला आहे. एकास एक रूपककथेचा त्यांना तिटकारा होता. त्यामुळे मरणातून परतणारा जादूगार गँडाल्फ, रोग्यांना बरे करणारा राजा अ‍ॅरागॉर्न आणि दुष्ट शक्तीची अंगठी नष्ट करण्याचे ओझे वाहणारा नायक फ्रोडो यांच्यात येशूचे गुण वाटून देण्याचा जो उद्योग चालतो, तो मला फारसा पटत नाही.

काही खुणा मात्र निसटू देऊ नयेत. अंगठी घेऊन मंडळी रिव्हेंडेल या ठिकाणाहून २५ डिसेंबरला निघतात आणि तिचा नाश २५ मार्चला होतो. देवदूताने मारियेला येशूच्या जन्माची वार्ता दिल्याचा सण त्याच तारखेला असतो, आणि येशूला क्रुसावर दिले तो दिवसही जुनी परंपरा हाच मानते. मध्ययुगीन साहित्याच्या प्राध्यापकाच्या हातून हे सहज घडले असेल, असे वाटत नाही. कादंबरीतल्या एल्फ या अमर लोकांची ‘लेम्बास’ ही शिदोरी दुसरे अन्न न घेता केवळ तिच्यावर राहणाऱ्याच्या मनोबळाला अधिक पोसते. मिस्सा या कॅथलिक उपासनेतील पवित्र भाकरीची आठवण कॅथलिक वाचकाला येथे येणारच.

पण खरा गाभा शेवटच्या प्रसंगात आहे. इतके सोसून ज्वालामुखीच्या कड्यावर पोहोचलेला फ्रोडो ऐन क्षणी अंगठी टाकायला नकार देतो आणि ती आपलीच म्हणून बोटात घालतो, म्हणजे नायक चक्क हरतो. काम तडीस जाते ते अंगठीच्या लोभाने पछाडलेल्या गॉलममुळे: तो फ्रोडोचे बोट चावून तोडतो आणि अंगठीसह आगीत कोसळतो. तो तोवर जिवंत राहिला, कारण पूर्वी फ्रोडोचा नातलग बिल्बो याने दयेपोटी त्याच्यावर तलवार चालवली नव्हती आणि पुढे फ्रोडोनेही त्याला जीवदान दिले. हा शेवट वाचकांना खटकला, तेव्हा टोल्किन यांनी पत्रोत्तरात येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेचा आधार घेतला: आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हांलाही कर, मोहात पडू देऊ नकोस, वाइटापासून सोडव.

आपण तो प्रसंग पुन्हा वाचाल, तेव्हा लगेच पुढचे संभाषणही पाहावे. गॉलम नसता तर अंगठी आपल्याच्याने नष्ट झाली नसती, हे फ्रोडो आपला सोबती सॅम याच्याजवळ मोकळेपणी कबूल करतो आणि म्हणतो, की आता आपण त्याला क्षमा करू या.