वडिलांच्या पश्चात वृद्ध आईला कोणती पेन्शन लागू होते, हे कसे तपासावे?

आपण विचारले आहे की, वडील २००७ साली सूतगिरणीतून निवृत्त झाले, त्यांना भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून महिना १,८४० रुपये पेन्शन मिळत होती, गेल्या महिन्यात वयाच्या ७५व्या वर्षी ते वारले. तर ६९ वर्षांच्या आईला आता काही मिळेल, की ती पेन्शन त्यांच्याबरोबरच संपली?

ती संपलेली नाही. माझे वडील साखर कारखान्यात होते आणि तीन वर्षांपूर्वी आम्ही याच फेऱ्यातून गेलो, म्हणून सविस्तर लिहितो. आमची पहिली चूक ही झाली की, दहावा-तेरावा होताच व्हॉट्सॲपवर आलेल्या योजनांच्या याद्या घेऊन आम्ही सेतू केंद्रात जाऊन बसलो. वास्तविक सुरुवात योजनांपासून नव्हे, तर वडिलांच्या कागदांपासून करावयाची असते. कारण नवऱ्याच्या नोकरीमुळे जे मिळते तो पत्नीचा हक्क असतो, त्याला उत्पन्नाची अट नसते, आणि शासनाच्या साहाय्य योजना मात्र वय व गरिबी पाहूनच दिल्या जातात.

तेव्हा प्रथम वडिलांचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश शोधावा. आमच्याकडे तो देवघराच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, आई-वडिलांच्या जोड फोटोसह सापडला. त्यावर पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आहे का, हे पाहावे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेनुसार (लोक तिला ईपीएस-९५ म्हणतात) पेन्शनधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम विधवेला हयातभर, तिने पुनर्विवाह केला नाही तर, मिळते. आपल्या हिशेबात निम्मे म्हणजे ९२० रुपये होतात. परंतु सप्टेंबर २०१४ पासून या योजनेत किमान पेन्शन दरमहा १,००० रुपये ठरलेली असल्यामुळे आईला १,००० रुपये मिळावयास हवेत. रक्कम तुटपुंजी आहे, हे मी नाकारत नाही. पण औषधांच्या बिलात तिचा उपयोग होतो आणि ती आईच्या स्वतःच्या खात्यात येते, याचे मोल आमच्या आईने आम्हाला नीट समजावले.

याच पीपीओवर आणखी एक गोष्ट बारकाईने पाहावी, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. २००८ सालापर्यंत निवृत्त होणाऱ्यांना ‘रिटर्न ऑफ कॅपिटल’ नावाचा एक पर्याय उपलब्ध होता, ज्यात दरमहा थोडी कमी पेन्शन स्वीकारली तर मागे राहणाऱ्यांना पुढे एकरकमी भांडवल परत मिळत असे. तो पर्याय नंतर बंद झाला, परंतु त्यापूर्वी ज्यांनी तो निवडला त्यांचा हक्क शाबूत आहे. आपले वडील २००७चे, म्हणजे नेमके त्या मुदतीतले. त्यामुळे पीपीओवर तशी नोंद असल्यास विधवा पेन्शनच्या अर्जाबरोबरच त्या रकमेचीही लेखी मागणी करावी.

अर्जाचा नमुना ‘१०-डी’ आहे. त्यासोबत मृत्यूचा दाखला, मूळ पीपीओ, आईचे आधार कार्ड आणि तिच्या एकटीच्या नावावरील बँक खात्याचा तपशील लागतो. वडिलांच्या खात्यात मृत्यूनंतर पेन्शन जमा झाली असेल तर ती एटीएममधून काढू नये. ती परत करावी लागते, आणि तो हिशेब मिटेपर्यंत पुढचे काम अडू शकते. उशीर झाला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण विधवेची पेन्शन पतीच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून देय असते आणि थकबाकीसह मिळते. मात्र नॉमिनी म्हणून एखाद्या मुलाचे नाव लावले होते, म्हणून पेन्शन त्याला जाईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पत्नी हयात असताना ही पेन्शन तिचीच असते.

आमचे घोडे अडले ते नावावरून. पीपीओवर आईच्या नावापुढे ‘बाई’ होते, आधारवर नव्हते, आणि बँकेतील कारकुनाने अर्ज तीन वेळा परत केला. अखेर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून दिले तेव्हा काम पुढे सरकले. आईचे नाव आधार, बँक पासबुक आणि पीपीओ या तिन्हींवर अक्षर न् अक्षर जुळते का, हे आजच ताडून पाहावे. पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो, आणि वृद्धांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत हा अनुभव बहुतेक घरांत आहे. मोबाइलवरून चेहरा ओळखून तो दाखला देण्याची सोय आता आहे.

आता शासकीय योजनांविषयी. सर्वसामान्यपणे लोक जिला ‘विधवा पेन्शन’ म्हणतात, त्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेची वयोमर्यादा ६५ आहे. आपली आई ६९ची असल्यामुळे तिचा विचार श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत होईल. दोहोंचे अनुदान दरमहा १,५०० रुपये असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, आणि अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो. आपण स्वतः नोकरीत असाल आणि आई आपल्याजवळ राहत असेल, तर तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यापाशीच हा अर्ज थांबण्याची शक्यता अधिक आहे. कमावती व्यक्ती गेल्यास २०,००० रुपये देणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेची माहितीही आपल्याला कोणीतरी देईल. ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबासाठी असून मृत व्यक्तीचे वय १८ ते ५९ असावे लागते, म्हणून इथे लागू नाही. लाडकी बहीण योजनाही ६५ वर्षांपर्यंतच आहे.

वडील शासकीय सेवेत असते, तर मार्ग वेगळा होता: तिथे कुटुंबनिवृत्तिवेतन जिल्हा कोषागारातून मिळते.

शेवटी, वडिलांची जुनी पासबुके रद्दीत टाकू नका. दरवर्षी मे अखेरीस २० किंवा ४३६ रुपये वजा झालेले दिसतील, तर ते पंतप्रधान विमा योजनांचे हप्ते असू शकतात. ७५व्या वर्षी त्यांचा लाभ मिळत नाही, कारण अपघात विमा ७० पर्यंत आणि जीवन विमा ५५ पर्यंतच असतो. पण त्याच पानांवर एलआयसीचा किंवा एखाद्या पतसंस्थेचा हप्ता आढळल्यास तिथे अवश्य चौकशी करावी. कामगारांच्या अनेक पतसंस्था मृत सभासदाच्या वारसाला भागभांडवल परत देतात आणि शिवाय काही मदतही करतात. आमच्या पासबुकात महिन्याला ५० रुपयांची अशी एक नोंद होती, जिचा अर्थ आईलाच ठाऊक होता; त्या नोंदीचा माग काढत आम्ही वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांकडे गेलो, तेव्हा आईच्या हाती ११,००० रुपये आले.